पाखाडीचं गाऱ्हाणं

ही गेली आणि तिचा फोन माझ्याकडे आला. फोनबरोबर तिचा गावातला दराराही आला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझा स्वतःचा फोन बटणांचा. त्यावर फोन येतो, फोन करता येतो आणि वीज गेली की त्याचा दिवा लागतो. एवढं मला पुरतं. शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवायचं आणि घरी येऊन पुस्तक उघडायचं, यात माझी सगळी वर्षं गेली. माझ्या आवाजाबद्दल ही म्हणायची, “तुमचा आवाज शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी येऊन थांबतो.” तिचा आवाज खालच्या एस.टी. थांब्यापर्यंत जायचा. त्याच्या पलीकडे जिथे तो पोचत नसे, तिथे तिचं व्हॉट्सअॅप पोचायचं.

आमचं गाव रत्नागिरीपासून एस.टी.नं पाऊण तासावर. गावाचा एक ग्रुप आहे. त्यात निम्मं गाव इथलं आणि निम्मं मुंबईचं, म्हणजे चाकरमानी. सकाळी सगळे एकमेकांना फुलं पाठवतात, दुपारी पाककृती, संध्याकाळी कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत शिरलेल्या माकडांचे फोटो. हिनं कधी कुणाला फूल पाठवलं नाही. तिचे निरोप असे असत: ‘नळ कोरडा.’ दोन तासांनी: ‘नळ आला. गढूळ.’ किंवा: ‘वरच्या वाडीतला दिवा दिवसा चालू. कुणासाठी?’ शेवटी न चुकता पूर्णविराम. ग्रुपवर पूर्णविराम देणारं गावात ते एकच माणूस होतं. नावाशेजारी तिचा छोटा फोटो दिसे. मांडीवर फणस घेऊन बसलेली, आणि नजर अशी, की फोटो काढणाऱ्याचंच काहीतरी चुकलेलं असावं. (फोटो मी काढला होता. चुकलं होतंच, पहिल्या फोटोत तिचं डोकं आलं नव्हतं.)

ती गेल्यावरही मी रोज संध्याकाळी तो फोन चार्जिंगला लावत राहिलो. मुलीनं पुण्याहून दोनदा सुचवलं, बाबा, तो नंबर बंद करून टाका, निदान ग्रुपमधून तरी बाहेर पडा. पण बाहेर पडलं की ग्रुपवर तशी ओळ उमटते. हिचं नाव आणि पुढे ‘बाहेर पडल्या’. गावानं ते एकदा पाहिलं होतं. पुन्हा कशाला दाखवायचं, म्हणून मी काही केलं नाही. नुसतं वाचत राहिलो. लिहिलं मात्र एक अक्षर नाही.

ती गेली त्याच पावसात आमच्या पाखाडीचा मधला भागही गेला. पाखाडी म्हणजे डोंगराच्या अंगावरून चढणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. आमची खालच्या एस.टी. थांब्यापासून निघते आणि वरच्या वाडीला येते. वाडीच्या टोकाला शाळा. गाडीरस्ता आहे, पण तो असा वळसा घालून येतो, की घाईच्या माणसाला त्याचा राग यावा. मधल्या वळणावरच्या चार पायऱ्या आणि कडेचा बांध खाली पऱ्यात, म्हणजे ओढ्यात गेले. उरली ती लाल मातीची घसरगुंडी. शाळा सुटली की पोरं तिच्यावरून आनंदानं घसरत उतरत. चढताना मात्र कुणी आनंदात दिसत नसे.

आणि दिवाळीच्या आधी तिथेच मावशी घसरली.

मावशी म्हणजे आमची मासेवाली. पहाटे मिरकरवाडा बंदरातल्या लिलावातून मासळी घ्यायची, पहिली एस.टी. धरायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पाखाडी चढून आमच्या दारात उभं राहायचं, असा तिचा पंचवीस वर्षांचा नेम. तिचं आणि हिचं रोज भांडण व्हायचं. मासा कालचा आहे, हे हिचं म्हणणं. तुझी नजर परवाची आहे, हे मावशीचं. ते आटोपलं की दोघी पायरीवर बसून चहा प्यायच्या. ही गेल्यावर मावशी माझ्याशी भांडून पाहू लागली. ती देईल तो मासा घेऊन मी ‘बरं’ म्हणायचो. ती वैतागायची. “मास्तर, असं काय वो करता? कायतरी बोला तरी! नुसता घेतलात, तर मना वाटतं मी भीक घातली.” तरी ती यायची. सकाळी माझ्या दारात माझ्याशी भांडायला येणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

घसरल्यावर तिचा पाय मुरगळला आणि बांगडे पऱ्यात गेले. बरी झाली, पण वर येईना. खाली थांब्यावर बसून हाका मारायची, ज्याला हवं त्यानं उतरायचं. मी उतरलो की म्हणायची, “मास्तर, ऐका. पावसाच्या आदी ह्यो चढ नीट झाला, तर मी परत येन. नायतर पुढच्या गावात बसन. माझं वय काय आता घसरगुंडीचं नाय.”

मी काय बोलणार? पण परत चढताना त्या लाल मातीपाशी थांबलो आणि मला हिचा भयंकर राग आला. ती असती, तर दिवाळीआधी मावशी जिथे घसरली त्या पायऱ्या तुळशीच्या लग्नाच्या आधी झाल्या असत्या.

त्याच सुमारास मी नववीला पत्रलेखन शिकवत होतो. तक्रारपत्र. प्रति, माननीय अमुक. विषय तमुक. मी फळ्यावर मायना लिहिला आणि ‘आपल्या परिसरातील एखादी समस्या’ असं म्हणून पाठमोरा झालो. दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिचं डोकं चांगलं आहे आणि जीभ त्याहून चांगली.

“सर, हे पत्र कुणाला पोचतं?”

“कुणाला म्हणजे? मला. मी तपासतो.”

“मग पाखाडी तुम्ही बांधणार?”

वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण माझ्या डोळ्यांसमोर मावशीची पाटी आली. मी म्हणालो, ठीक आहे, या वेळी खरं पत्र लिहा. पाखाडीचं. सगळ्यांनी. मी स्वतः ग्रामपंचायतीत नेऊन देतो.

मुलांनी पत्रं सुंदर लिहिली. मी जन्मात एवढ्या आनंदानं वह्या तपासल्या नव्हत्या. शुद्धलेखन सुधारून, पक्की प्रत करून घेऊन अठ्ठावीस पत्रांचा गठ्ठा मी ग्रामपंचायतीत नेऊन दिला आणि पोच घेतली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ग्रामसेवकांनी लिहिलं होतं, की सर्व अर्ज एकाच व्यक्तीचे असून, श्री. अ. ब. क. या नावाची व्यक्ती गावात राहत असल्याचे आढळून येत नाही, सबब सर्व अर्ज निनावी समजून दप्तरी दाखल करण्यात येत आहेत.

परीक्षेत पत्राखाली खरं नाव लिहिलं तर गुण जातात. नाव लिहायचं नाही, ‘अ. ब. क.’ लिहायचं, हे वर्षानुवर्षं मीच मुलांच्या डोक्यात ठोकत आलो. त्यांनी ते निष्ठेनं पाळलं. आणि मी अठ्ठावीस पत्रं दोनदा वाचली, ऱ्हस्व-दीर्घ शोधले. सही शोधली नाही.

वर्गात हे उत्तर वाचून दाखवलं, तेव्हा मुलं बाकांवर लोळली. “सर, अ. ब. क. मुंबईला असतात म्हणून सांगा!” “सर, मतदारयादीत नाव घाला त्यांचं!” दुसऱ्या बाकावरची मात्र विचारात होती.

“सर, नाव न लागणारं काहीतरी पाहिजे. गाऱ्हाणं घालूया का?”

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे देवापुढे उभं राहून मागणं मागतात, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एक जण मोठ्यानं बोलतो, ‘बा देवा म्हाराजा’ करून. काय झालं, काय हवं, कुणाला सांभाळ, कुणाची वाकडी नजर दूर कर, सगळं. प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ शेवटी कबुली असते, की एवढं केलंस तर आम्ही तुझं अमुक करू. त्यात मागणाऱ्याचं नाव लागत नाही. आम्ही सगळी लेकरं, एवढं पुरतं.

मुलांना त्याचा व्हिडिओ करून शाळेच्या फेसबुक पानावर टाकायचा होता. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारायला गेलो. त्या सावध बाई. म्हणाल्या, “करा. पण एकाही मुलाचा चेहरा दिसता कामा नये. नाव नाही, चेहरा नाही, गणवेशावरचं शाळेचं चिन्ह नाही.” मी वर्गात येऊन सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, “पाय दाखवले तर?”

म्हणून तो व्हिडिओ नुसता पायांचा आहे. बाईंच्या स्वतःच्या फोनवर काढलेला. पाखाडीच्या चांगल्या पायऱ्यांवरून पाय येतात, चपला, बूट, एक पाय अनवाणी, आणि त्या लाल मातीपाशी येऊन थबकतात. सगळ्यात पुढे मावशीचे पाय. भेगाळलेले, जोडवी घातलेले. तिला मी खूप विनवून तेवढ्यापुरतं वर आणलं होतं, दोन पोरं दोन्ही बाजूंनी धरून. आणि मागून दुसऱ्या बाकावरचीचा आवाज:

“बा देवा म्हाराजा! आज जी काय ही लेकरां तुझ्या पाखाडीवर उभी हायत...”

“व्हय म्हाराजा!”

“...त्येंचा पाय घसरू देऊ नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“...ज्या कुनाच्या टेबलावर आमचा अर्ज निजला आसंल, त्येला हलवून जागा कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथपर्यंत ठरल्याप्रमाणे होतं. कबुलीत नारळ ठेवायचा, असं ठरलं होतं. पण तिला रंग चढला होता.

“...आनि पावसाच्या आदी ही पाखाडी झाली, तर आमचे सर, ज्येंचा आवाज तिसऱ्या बाकावर पोचत नाय, ते हितं उभे ऱ्हाऊन, खालच्या थांब्यावर ऐकू जाईल आसं गाऱ्हानं घालतील म्हाराजा!”

अठ्ठावीस मुलांनी एवढ्या जोरात ‘व्हय म्हाराजा’ केलं, की पऱ्यापलीकडचे कावळे उडाले. मावशीचे पाय हसून हलताना व्हिडिओत दिसतात.

मी म्हणालो, हे पुन्हा करू. मावशी म्हणाली, “मी काय परत चढत नाय. झालं ता झालं.” तेव्हा ते तसंच राहिलं.

शाळेच्या पानावर तो व्हिडिओ दोन दिवस पडून होता. पाहणारे बहुतेक आम्ही शिक्षकच. “सर, इथं कोण बघतंय?” दुसऱ्या बाकावरची म्हणाली. “गावाच्या ग्रुपवर टाका ना.”

ग्रुपवर मी कुठे होतो? ग्रुपवर होती ती ही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हिचा फोन शाळेत नेला. बाईंनी व्हिडिओ पाठवला, मी पुढे ग्रुपवर ढकलला. नुसता व्हिडिओ बरा दिसेना. खाली काहीतरी लिहायला हवं होतं. मी बराच विचार केला. मला लांब वाक्यं लिहायची सवय. तिथे ती शोभेनात. शेवटी लिहिलं: ‘पाखाडी. पावसाच्या आधी.’ पूर्णविराम दिला आणि तासाला गेलो.

हिच्या नावाशेजारच्या फोटोचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

तास संपवून येऊन पाहतो, तर ग्रुपवर पहिली पाच मिनिटं शुकशुकाट होता. मग मुंबईहून कुणीतरी लिहिलं होतं, ‘काकी???’ एकानं सवयीनं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून, मग घाईनं ‘चुकून गेलं’ लिहिलेलं दिसत होतं. कुणी फुलांचा हार. मग डोंबिवलीहून एक: ‘व्हय म्हाराजा!’ आणि बांध फुटला. विरार, ठाणे, पुणे, एक कुवेत. ‘व्हय म्हाराजा’, ‘व्हय म्हाराजा’. ज्यांनी वर्षानुवर्षं गावाच्या कामाला नुसता अंगठा पाठवला, त्यांनीही अक्षरं लिहिली. मध्येच वर एक ओळ दिसायची: ‘सरपंच टाइप करत आहेत’. ती ओळ जायची, पुन्हा यायची. खाली मात्र त्यांच्याकडून काही उमटत नव्हतं.

सरपंच माझाच विद्यार्थी. नागरिकशास्त्रात मी त्याला काठावर पास केलं होतं. शाळेत असताना आमच्याकडे शिकवणीला यायचा आणि शिकण्यापेक्षा हिच्या घावनांवर जास्त लक्ष ठेवायचा. त्या संध्याकाळी तो घरी आला. चपला काढून पडवीत बसला, पाणी प्यायला, आंब्याच्या मोहराबद्दल बोलला. फोन टेबलावर होता. त्याच्याकडे बघायचं नाही, असं ठरवून तो पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होता.

“सर, काकींचा फोन... तुमच्याकडंच असतो ना?”

“माझ्याकडंच.”

“हां. म्हणजे ते तुम्हीच लिहिलंत.” त्यानं श्वास सोडला.

मी आयुष्यात फारशा खोड्या काढलेल्या नाहीत. लहानपणीही नाही. पण त्या क्षणी काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, “ग्रुपवर कधी काही लिहिलंय का रे मी?”

माझ्या नावानं नाही, हे खरंच होतं. मी खोटं बोललो नाही. पण त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. थोडा वेळ तो भिंतीवरच्या हिच्या फोटोकडे बघत बसला. मग म्हणाला, “सर, माझी ना नाय. पण ठराव पाहिजे, आणि ग्रामसभेला कोरमच होत नाही. गेल्या दोन सभा तहकूब. माणसं ग्रुपवर बोलतात, सभेला येत नाहीत. अर्जही धड पाहिजे. नावासकट.” जाताना दारात थांबला. “अक्षर काकींचंच वाटतं हो,” म्हणाला. टाइप केलेल्याला अक्षर कसलं, हे मी त्याला विचारलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढचे आठ दिवस नववीत मी धडा शिकवलाच नाही. ग्रुपवरची उत्तरं फळ्यावर लिहायची आणि मुलांनी ती उलगडायची. यात माहिती कोण देतो? मत कोण देतो? नुसता हात कोण जोडतो? एकानं लिहिलं होतं, ‘मास्तरांना शाळेत काम नाही वाटतं.’ मुलं चिडली, त्याला उत्तर द्यायचं म्हणाली. मी म्हटलं, द्या, पण आधी त्याचा प्रश्न शोधा. बऱ्याच वादानंतर त्यांना सापडलं, की त्या माणसाला खरं तर शाळेच्या वेळात हे का, एवढंच विचारायचं असावं. मग मुलांनी उत्तर लिहिलं: ‘आमचा विषय पत्रलेखन आहे. हे आमचं पत्र आहे. आपल्या घरातून ग्रामसभेला कोण येणार?’ मी ते हिच्या फोनवरून पाठवलं. तो माणूस पुढे बोलला नाही. पण महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला त्याची आई आली. “पोरानं मुंबईसून तीनदा फोन केलान,” म्हणाली. “जा म्हनं, नायतर काकी मला ग्रुपवर सोडायच्या नाहीत.”

त्या सभेला खुर्च्या कमी पडल्या. मुलं नवीन अर्ज घेऊन आली होती. खाली अठ्ठावीस नावं, ठळक, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या आईवडिलांची सही. ग्रामसेवकांनी यादी खालपर्यंत वाचली आणि गंभीरपणे विचारलं, “अ. ब. क. आले नाहीत का?” गावात तेवढा विनोद त्यांना करता येतो, हे त्या दिवशी कळलं. देवस्थानच्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी मात्र काठी आपटली. “गाऱ्हानं देवाला घालतात. सरपंचाला घालायला तो काय देव लागून गेला?” दुसऱ्या बाकावरची उभी राहिली. “आजोबा, देवालाच घातलंय. सरपंचकाकांनी मधल्या मधे ऐकलं.” म्हातारा खाली बसला आणि ठराव झाला तेव्हा सगळ्यात मोठं ‘व्हय म्हाराजा’ त्याचंच होतं.

चिरे पंचायतीनं दिले. मजूर मात्र मिळेनात, आंब्याचे दिवस. शेवटी मे महिन्यात घरी आलेल्या चाकरमान्यांनी अंगमेहनत केली, एक गवंडी धरून. आणि सरपंचानं रोज संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली: ‘काकी, आज एक पायरी झाली.’ कुणीही हसलं नाही. मीही हसलो नाही. काठी घेऊन खाली उतरलो, पायरीवर उभा राहिलो, अंग एका बाजूला टाकून पाहिलं, घरी आलो आणि लिहिलं: ‘हलते.’

दुसऱ्या दिवशी: ‘काकी, पहिली परत बसवली. दुसरी पण झाली.’

‘बघते.’

ते ‘बघते’ लिहून झाल्यावर मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. माझ्या बोटांनी ते आपसूक लिहिलं होतं. पुसावं, असं वाटलं. पण ग्रुपवर तोवर कुवेतहून उत्तर आलेलं होतं: ‘काकी, कडेला गज पण पाहिजे.’ तेही बरोबर होतं. मी लिहिलं: ‘गज.’ आठवड्यात गज लागला.

शेवटची पायरी झाली त्या दिवशी ग्रुपवर तिचा फोटो आला, गुलाल टाकलेला. मी जाऊन उभा राहिलो. हलत नव्हती. लिहिलं: ‘ठीक.’ हिच्या शब्दकोशात याच्यावरची स्तुती नव्हती.

मग एकदम, जणू सगळे वाटच बघत होते, सुरू झालं: ‘सरांचं गाऱ्हाणं कधी?’ ‘कबुली दिली आहे!’ ‘आम्ही शुक्रवारी मुंबईला चाललो, त्याच्या आधी पाहिजे.’ ‘देवाची कबुली मोडू नये सर.’ मी घाबरलो. वर्गातल्या अठ्ठावीस मुलांपुढे मला बोलता येतं, कारण ती ऐकत नाहीत. गावापुढे मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो. हिच्या दहाव्यालाही माझ्या वतीनं मेहुणा बोलला होता. मी शेवटचा उपाय केला. हिच्या फोनवरून लिहिलं: ‘ते बोलणार नाहीत.’

मग ‘सरपंच टाइप करत आहेत’. आणि या वेळी उमटलंही:

‘काकी, तुम्हीच समजवा त्यांना. तुमचं ते ऐकतात.’

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पडवीत बसून तो फोनकडे घाबरून बघत होता, ते सगळं सोंग होतं. मी त्याला नागरिकशास्त्रात कमी गुण दिले, हे आता कबूल करायला हवं.

शुक्रवारी सकाळी मी नव्या वळणावर, गजाला धरून उभा राहिलो. वर वाडी, मुलं, मुख्याध्यापिकाबाई, काठी टेकून मानकरी. खाली एस.टी. थांब्यावर मुंबईला निघालेली माणसं, बॅगांवर बसलेली. आणि थांब्याच्या कट्ट्यावर मावशी, पाटी शेजारी. ती अजून चढली नव्हती. तिनं सांगून ठेवलं होतं, आधी कबुली, मग मी.

मी घसा खाकरला. “बा देवा म्हाराजा...”

वरून मुलांनी दयाळूपणे ‘व्हय म्हाराजा’ केलं. खालून काहीच आलं नाही. मग मावशीचा आवाज आला, हिच्या आवाजाशी पंचवीस वर्षं झुंजून तयार झालेला:

“मास्तर, ऐकू नाय आलं!”

मी पुन्हा म्हणालो.

“नाय आलं! असंच बोलायचात काय घरात? म्हनून ती जिंकायची!”

सगळी पाखाडी हसली. मला राग आला. खरा राग, मावशीचा, सरपंचाचा, दुसऱ्या बाकावरचीचा, त्या फणस मांडीवर घेऊन बसलेलीचा, जिनं एवढं सगळं माझ्या गळ्यात टाकून दिलं आणि निघून गेली. मी गज सोडला आणि ओरडलो.

“बा देवा म्हाराजा! ही पाखाडी झाली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खालून, वरून.

“हिच्यावरून जो चढंल, त्येचा पाय घसरू देऊ नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि जी खाली बसून ऱ्हायली हाय, आनि उगाच नखरे करतेय, तिला आता वर चढायची बुद्धी दे म्हाराजा!”

हे ठरलेलं नव्हतं. ‘व्हय म्हाराजा’ अर्धवटच आलं, कारण अर्धे लोक हसत होते. मावशीनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. थांबली नाही, गजालाही हात लावला नाही. वळणावर माझ्यापाशी आली, नव्या पायरीवर टाच आपटून पाहिली आणि पुढे गेली.

मी घरी पोचलो, तर ती माझ्या दारात पाटी उतरून बसलेली. दोन बांगडे हातात धरून म्हणाली, “घ्या. ताजे हायत.”

मी बांगडा हातात घेतला. कल्ला उघडून पाहिला. हिला असं करताना मी हजारदा पाहिलं होतं, कधी शिकलो नव्हतो.

“कालचे आहेत.”

“काय?”

“कालचे आहेत म्हटलं!”

मावशीनं पदर खोचला. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला आनंद. “डोले तपासून घ्या, मास्तर! बोटीसून उतरून तीन तास नाय झाले...” आणि मग ती जे काही बोलली, ते सांगण्यासारखं नाही. मीही थोडंफार बोललो. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. नंतर मी चहा ठेवला.

मावशी चहा पीत असताना मी टेबलावरचा फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं:

‘मावशी वर आली. बांगडे कालचे.’

वर लगेच ओळ दिसली. सरपंच टाइप करत होता.